काचेखालची यादी

आजारपणावर लिहिणाऱ्या बायका शेवटी शेवटी फार गोड होतात, असं मी पाहिलंय. आजारानं मला नवी दृष्टी दिली, माणसं दिली, वगैरे. मला आजारानं पोटावर एक पिशवी दिली आणि साडेतीन महिन्यांनी तीही परत घेतली. स्वभाव होता तसाच आहे. सून म्हणते, थोडा जास्तच तिखट झालाय. तरी लिहितेय, कारण पेन्शनीत गेलेल्या लोकांना एक गोष्ट सांगायची आहे. ती सांगायची मला लाज वाटते, म्हणून आधी बाकीचं सांगून घेते.

मी राऊतबाई. डहाणूला राहते. एका सरकारी महामंडळाच्या तलासरीतल्या ऑफिसात एकोणीस वर्षं एकाच टेबलावर बसले. महामंडळाचं नाव सांगत नाही, माझी पेन्शन अजून तिथूनच येते. टेबल होतं निवृत्तांच्या औषधोपचाराचं. निवृत्त माणूस किंवा त्याची बायको आजारी पडली की ऑपरेशनची मंजुरी आमच्याकडून घ्यायची. पण सरकारची ती फुकट उपचारांच्या कार्डाची योजनाही आहे ना, मग आधी कोणी द्यायचं, त्यांनी की आम्ही? ह्या एका प्रश्नावर माझी एकोणीस वर्षं आरामात गेली.

टेबलाच्या काचेखाली मी एक यादी ठेवली होती. प्रकरणाला काय काय जोडायचं त्याची, माझ्याच सुवाच्य अक्षरात. त्यातला सातवा मुद्दा लाल शाईचा: ‘कार्ड योजनेचे लेखी नकारपत्र असल्याशिवाय प्रकरण स्वीकारू नये.’ एकदा कोणीतरी दोन्हीकडून लाभ घेतला होता आणि साहेब माझ्यावर सगळ्यांसमोर ओरडले होते. त्याच दुपारी मी तो मुद्दा लिहिला. नियम कुठला, आधार काय, कोणी विचारलं नाही. काचेखाली गेलं की झाला नियम. कार्डवाल्यांची खिडकी लेखी काही म्हणजे काही देत नाही हे मला महिन्याभरात कळलं. प्रकरणं कमी झाली, टेबल स्वच्छ राहायला लागलं. साहेबांनी कौतुक केलं.

*

रक्त पडत होतं ते मी आठ महिने मूळव्याध म्हणून चालवलं. सुरणाची भाजी खाल्ली, ताक प्यायले, शेजारणीनं दिलेली कसली तरी पुडी घेतली. दुसऱ्यांना ‘रिपोर्ट जोडा, रिपोर्ट जोडा’ म्हणणारी मी स्वतःचा एक रिपोर्ट काढायला तयार नव्हते. शेवटी चक्कर येऊन मोरीत पडले, तेव्हा मुलगा अमित मला वापीला घेऊन गेला. डहाणू-तलासरीकडची माणसं जरा मोठं दुखणं आलं की वापी-वलसाड गाठतात. मुंबईला राहायचं कुठे इथपासून सुरुवात.

डॉक्टर अमितपेक्षा लहान वाटत होता. त्यानं कागदाच्या मागे माझं आतडं काढून दाखवलं, सायकलच्या ट्यूबसारखं, आणि एका जागी पेन दाबून गोल केला. म्हणाला, “मासी, गाठ छे. कॅन्सरची आहे. पण काढता येते. लवकर करायचं.”

अमित म्हणाला, “पण ती बाहेरचं काही खातच नाही हो.”

मला त्या क्षणी मुलाच्या एक ठेवून द्यावीशी वाटली. आणि माझ्या डोक्यात पहिलं काय आलं, तर फॉर्म. पूर्वमंजुरीचा फॉर्म, तीन प्रतीत. रडू वगैरे नाही. येताना वाटेत अमितनं गाडी थांबवून फरसाण घेतलं. आईला कॅन्सर निघाला त्या दिवशी ह्यानं पाव किलो पापडी-गाठिया घेतला, आणि वर मला विचारलं, “आई, तुला चालेल का?” मी खाल्ला. चांगला होता.

भेटायला येणाऱ्यांबद्दल न बोललेलंच बरं. एक बाई म्हणाली, “चेहऱ्यावरून वाटत नाही हो.” दुसरी म्हणाली, “आमच्या नणंदेला अगदी हेच होतं,” आणि पुढे गप्प. मी विचारलं, “मग?” तर म्हणते, “चहा छान झालाय.” मेली नणंद, हे तोंडानं सांगायची हिंमत नाही आणि यायची मात्र घाई.

*

पदरचे पैसे घालून ऑपरेशन होण्यासारखं नव्हतं. घोलवडची चिकूची वाडी दिरांच्या नावावर आणि माझी सगळी शिल्लक घर बांधण्यात गेलेली. हॉस्पिटल म्हणालं, मंजुरीचं पत्र आणा, तारीख देतो. डॉक्टर म्हणाला, महिन्याच्या आत. तर मी फाइल घेऊन माझ्याच ऑफिसात गेले.

माझ्या टेबलावर आता निलेश बसतो. माझ्या हाताखाली तयार झालेला. मला पाहून उठला, खुर्ची पुसली, चहा मागवला. मला वाटलं, चला, पोरानं जाण ठेवली. मग त्यानं फाइल चाळली, काचेवर बोट ठेवून एक-एक मुद्दा मिळवत गेला आणि सातव्यावर थांबला.

“मॅडम, नकारपत्र?”

“अरे, वापी गुजरातमध्ये. आपलं कार्ड तिकडे चालतच नाही. नकार कोण देणार?”

“तेच ना मॅडम. मग आपल्याकडच्या सरकारी दवाखान्यातून आणावं लागेल. तिथली खिडकी.”

“ती खिडकी लेखी देत नाही. तुला माहितीये.”

“मॅडम,” तो खाली बघत म्हणाला, “तुम्हीच शिकवलंय. कागद नाही तर प्रकरण नाही.”

मी त्याला नालायक म्हणाले. मोठ्यानं म्हणाले, सगळ्या ऑफिसला ऐकू गेलं. तो नालायक नव्हता हो, माझी हुबेहूब कॉपी होता. चहा मी तसाच ठेवून आले.

खिडकीवर गेले. दोन तास उभी राहिले, खालून रक्त चालू. आतला माणूस मोबाइलवरून मान वर न करता म्हणाला, “मावशी, तुम्ही महामंडळाच्या पेन्शनर. तुमचं तिकडे.” मी म्हटलं, “हेच लिहून द्या.” म्हणाला, “लिहून द्यायची ऑर्डर नाही.” अर्ज पुढे केला तर घेईना. तेव्हा मला सोमा खरपडे आठवला.

*

सोमा खरपडे आमच्या गोदामावर चौकीदार होता. वेवजीचा. निवृत्त झाल्यावर बायकोचं प्रकरण घेऊन आला होता, सात वर्षांपूर्वी. तिचं अंग बाहेर यायचं. बायकांना सांगायला नको, पुरुषांना सांगते: गर्भाशय खाली उतरून बाहेर येतं, बसता येत नाही, उचलता येत नाही, चालताना कपडा बांधून ठेवावा लागतो. ऑपरेशन साधं असतं. मी म्हटलं, नकारपत्र आणा. तो खिडकीवर जायचा, परत यायचा. पुन्हा जायचा. पायरीवर चपला काढून आत यायचा आणि मी मान वर न करता ‘आणलं का?’ विचारायची. शेवटी त्यानं काय केलं, ‘मला लेखी नकार द्यावा’ असा अर्जच खिडकीला दिला आणि त्यावर पोच म्हणून शिक्का मारून घेतला. तो कागद माझ्यासमोर ठेवला. मी त्यावर शेरा मारला, ‘पोच म्हणजे नकार नव्हे.’ मला तेव्हा तो शेरा फार आवडला होता. घरी येऊन जेवताना अमितला सांगितला होता.

तर आता मला सोमाचा तो अर्ज बघायचा होता. त्या खिडकीकडून ह्या माणसानं शिक्का मिळवला कसा, शब्द काय वापरले, ते उतरवून घ्यायचं होतं. पश्चात्ताप वगैरे काही नव्हता, उगाच कोणी माझ्या नावावर चांगुलपणा लावू नये. तलासरीहून रिक्षा केली आणि वेवजीला गेले.

सोमानं ओळखलं. “या बाई, या,” म्हणाला, जसं काही मी दरवर्षी येते. बायको जानकी ओट्यावर एका मांडीवर जोर देऊन तिरकी बसली होती. सात वर्षं झाली तरी तशीच. मी तिला पहिल्यांदा पाहत होते. फाइलमध्ये तिचं वय आणि नातं, एवढंच असायचं.

मी माझं दुखणं सांगितलं. सोमा हळहळला. “त्या खिडकीचं काय सांगू नका बाई. माझ्या चपला झिजल्या,” म्हणाला आणि आतून प्लास्टिकची पिशवी आणली. पिशवीत सगळं होतं, नीट घडी घालून: अर्ज, शिक्का, माझा शेरा. आणि माझ्याच हातची एक झेरॉक्स, पाठपोट. त्यानं एकदा विचारलं होतं, “बाई, नियम कुठला तो तरी द्या,” म्हणून ब्याद टाळायला मी परिपत्रकाची झेरॉक्स त्याच्या हातात कोंबली होती.

जानकी उठून चहा ठेवायला निघाली. भिंतीला धरून, पाय फाकवून, हळूहळू. मी ‘नको’ म्हटलं, पण तिनं ऐकलं नाही. ती येईपर्यंत काय करायचं म्हणून मी ती झेरॉक्स वाचायला घेतली. पुढचं पान मला पाठ होतं. विषय, संदर्भ, प्रस्तावना. मी कागद उलटला.

मागच्या पानावर तळाशी लिहिलं होतं: निवृत्त कर्मचारी कार्ड योजनेचा लाभ घेत नसल्याचे त्याचे स्वतःचे साध्या कागदावरील हमीपत्र पुरेसे समजावे.

मी पुन्हा वाचलं. साध्या कागदावरील. स्वतःचे.

एकोणीस वर्षं मी त्या टेबलावर बसले आणि हे पान उलटून वाचलं नाही. कोणीच उलटत नाही, हे तुम्हाला सांगते. परिपत्रक आलं की विषय वाचायचा, सही करायची, फाइलला लावायचं आणि काम काचेखालच्या यादीवर करायचं. सोमाचा हक्क मी स्वतःच्या हातानं झेरॉक्स काढून त्याला दिला होता आणि तो सात वर्षं त्याच्या माळ्यावर पडून होता. त्याला पाचवीपर्यंतचं मराठी वाचता येतं, आमचं ऑफिसचं मराठी नाही. मला येत होतं. त्याचाच मला पगार होता.

जानकीनं चहा दिला. सोमानं विचारलं, “काही सापडलं का बाई कामाचं?”

मी म्हटलं, “नियम बदललाय. नवीन निघालंय आता. तुमचंही होईल.”

हे मी म्हटलं. त्या दोघांच्या तोंडावर, त्यांच्या घरचा चहा पिऊन. आणि ती झेरॉक्स मागून घेतली, माझ्या कामासाठी. सोमा रस्त्यापर्यंत सोडायला आला.

*

निलेशसमोर कागद उलटा करून ठेवला. त्यानं वाचलं, घाम पुसला आणि म्हणाला, “पण मॅडम, यादीत तसं नाहीये.”

“काच उचल.”

“मॅडम, ऑफिसमध्ये…”

“काच उचल म्हणते ना!”

त्यानं एका बाजूनं उचलली, मी हात घालून यादी ओढली. काचेला चिकटलेली, तुकडे होऊन निघाली. लाल शाईचा तुकडा माझ्या नखाखाली आला. सगळे बघत होते. मी तिथेच बसून साध्या कागदावर चार ओळींचं हमीपत्र लिहिलं. नवव्या दिवशी मंजुरी आली.

*

ऑपरेशनचं फारसं सांगण्यासारखं नाही. झोपवलं, कापलं, उठवलं. उठल्यावर पोटाच्या उजव्या बाजूला आतड्याचं लाल तोंड बाहेर आणून ठेवलेलं आणि त्यावर पिशवी चिकटवलेली. जे खाल्लं ते तिथून बाहेर. आवाज करत. अमितचे साहेब भेटायला आले तेव्हाही आवाज करत. पहिले काही दिवस मला स्वतःची इतकी किळस वाटली की मी चादर नाकापर्यंत ओढून पडायचे. नर्स गुजराती होती, सकाळी पाच वाजता लाइट लावून ओरडायची, “चलो बा, फरवा चलो!” आणि कॉरिडॉरमध्ये चालायला लावायची. मी तिला मराठीत शिव्या द्यायचे. तिला सगळ्या कळायच्या, आजोळ डहाणूचं निघालं.

सून प्रणाली. हिला मी पाच वर्षं ‘हिला साधी कोशिंबीर येत नाही’ म्हणून नावं ठेवली. अमितनं पिशवी एकदाच पाहिली आणि गॅलरीत जाऊन उभा राहिला. प्रणालीनं नर्सकडून शिकून घेतलं. कात्रीनं भोक मापाचं कापायचं, कातडी कोरडी करायची, पावडर लावायची. पहिल्यांदा करताना पिशवी सुटली, सगळं तिच्या ओढणीवर आलं. मी डोळे मिटून घेतले. ती म्हणाली, “आई, डोळे उघडा. तुम्हाला पण शिकायचंय. मी रजेवर किती दिवस बसू?” रोखठोक. मला ती त्या दिवशी आवडली. हे मी तिला सांगितलेलं नाही, इथे वाचेल.

केमोचे दिवस मी मोजले नाहीत. तोंडाला लोखंडाची चव, आणि मासळीचा वास आला की उलटी. डहाणूला राहून मासळीचा वास चुकवायचा म्हणजे बघा. घरात मी दार लावून पडायचे आणि भिंतीपलीकडून अमित-प्रणालीची कुजबुज ऐकायचे. भीती वाटायची. दुपारी तीन वाजता, लख्ख उजेडात वाटायची. मरणाचीच, दुसरी कसली?

आणि सोमाचं काम? तुम्ही विचारायच्या आधी सांगते. नाही केलं. ‘तुमचंही होईल’ म्हणून आले आणि साडेतीन महिने एक ओळ लिहिली नाही. आजारी होते हे खरं. पण हमीपत्राला चार ओळी लागतात आणि ह्याच काळात मी भाचीच्या लग्नाच्या याद्या करून दिल्या होत्या. पिशवी निघाली, टाके सुकले, ढेकर आणि बाकी सगळं आपापल्या वाटेनं जायला लागलं, मग मी तलासरीला गेले. सोमाला बोलावलं, त्याची सही घेतली, निलेशच्या टेबलासमोर खुर्ची टाकून बसले. निलेशनं यादी नवी केली होती, टाइप करून. सातव्या मुद्द्यापुढे ‘हमीपत्र’. मला बघून तो अजूनही उठतो, पण चहा मागवत नाही.

*

जानकीचं ऑपरेशन त्याच हॉस्पिटलात झालं. तीन दिवसांचं काम. मी तिसऱ्या दिवशी शहाळं घेऊन गेले. सोमा औषधं आणायला खाली गेला होता. जाता जाता वॉर्डातल्या दोन-तीन बायकांना सांगून गेला, “ह्या आमच्या बाई. ह्यांनी नियम बदलून आणला.” त्या बायका माझ्याकडे हात जोडून बघायला लागल्या.

जानकी उशीला टेकून बसली होती. सरळ. मी तिला पहिल्यांदाच सरळ बसलेली बघितली. म्हणाली, “बाई, तुमच्यामुळे झालं.”

एकोणीस वर्षांत मी अशी वाक्यं पुष्कळ ऐकून घेतलीत. कामं न करताही ऐकून घेतलीत. त्या दिवशी ऐकून घेता येईना.

मी म्हटलं, “जानकीताई, नियम बदलला नव्हता. तो आधीपासून तसाच होता. मी वाचला नव्हता. यादी माझ्या हातची होती. तुमचं सात वर्षांपूर्वीच झालं असतं.”

मला वाटलं ओरडेल. मी त्याची तयारी करून आले होते, खरं सांगायचं तर मला तेच हवं होतं, म्हणजे फिटंफाट झाली असती. पण ती दाराकडे बघत राहिली. दारात तिची लेक उभी होती आणि लेकीच्या पदराला धरून शाळेच्या गणवेशातली एक मुलगी.

“ही माझी नात,” जानकी म्हणाली. “त्याच साली झाली. डॉक्टर म्हणाला होता, जड उचलू नको, सगळं बाहेर येईल. म्हणून हिला मी कधी कडेवर घेतली नाही. दुसऱ्या बायका घ्यायच्या, मी बघायची.”

ती मुलगी जवळ आली. जानकीनं तिच्या डोक्यावरून हात फिरवला, मग खांद्यावरून, मग दंड धरून बघितला, वजनाचा अंदाज घेतल्यासारखा.

“डॉक्टर म्हणतो, तीन महिन्यांनी उचल काय ते,” ती म्हणाली. “आता ही दुसरीत आहे, बाई. आता ही कोणाच्या कडेवर बसत नाही.”

मी शहाळं तिथेच स्टुलावर ठेवलं.